साल न लिहिलेली तारीख

आमच्या गावच्या जमातीच्या वहीत माझ्या बापाची नोंद आहे. नाव, बापाचं नाव आणि 'दफन' या रकान्यात रजब महिन्याचा चौथा चांद. खरं तर गावात दफन झालंच नव्हतं. बाबा त्याआधी दोन वर्षं गलबताने दुबईला गेले होते. मग एका खलाशाने निरोप आणला, देवीच्या साथीत गेले. मय्यत समोर नसताना पढतात ती गायबाना नमाज गावाने पढली. वहीत तिला वेगळा रकाना नव्हता, म्हणून मुन्शींनी ती दफनाच्या रकान्यात घातली.

मी बारा वर्षांचा होतो. आई चार महिने दहा दिवस इद्दतीत, नवरा गेल्यावर बाईने घरातच काढायच्या मुदतीत, बसली. उंबरा ओलांडला नाही. रोज चुलीमागच्या भिंतीवर ती कोळशाची एक रेघ ओढी. मी मोजल्या होत्या, चांदाच्या महिन्यांनी एकशे अठ्ठावीस भरल्या.

सत्ताविसाव्या वर्षी मीही दुबईत आलो, बर दुबईतल्या एका गोदामात माल मोजायच्या कामावर. आल्या आल्या दोन-तीन कबरस्तानं पाहिली. तिथे कबरीवर नाव लिहायची रीत नाही, डोक्याशी नुसता दगड. शोध सोडून दिला.

पुढे साठचं दशक संपत आलं तेव्हा, माझ्या पंचेचाळिसाव्या वर्षी, आईचं पत्र आलं. अक्षर भाचीचं, बोलणं आईचं. "पुता, चौथा चांद हा नमाजचा दिवस, मरणाचा नव्हे. तेहतीस वर्षं मी त्यांच्या नावाने फातेहा चुकीच्या दिवशी देतेय. तू तिथे आहेस. कबर बघ, नाही तर तारीख तरी आण. माझे दिवस आता फार नाहीत."

त्याच सुमारास शिरगणती झाली. मोजणीदार अरबी बोलणारा होता. त्याला हिंदी येणारा माणूस हवा होता, म्हणून गोदामवाल्यांनी मला दिलं. अब्रात बसून, म्हणजे खाडीतल्या होडीने, आम्ही पलीकडे देऱ्यात जायचो. एका सकाळी झावळ्यांच्या घरांच्या रांगेत एका तरुणाने आपलं नाव सांगितलं, मग बापाचं, मग आजाचं. मागची दोन नावं माझ्याही नावामागे होती.

आमच्या किनाऱ्यावर नावं मोजकीच. म्हणून मी गाव विचारलं. त्याने आमचंच गाव सांगितलं, जरा वाकडं करून.

"तुझ्या बाबांच्या उजव्या पायाला..." मी विचारलं.

"अंगठा नव्हता. तुम को कैसे मालूम?"

"उम्र?" मोजणीदाराने विचारलं.

"छब्बीस."

"यल्ला, पुढचं घर," मोजणीदार म्हणाला.

चालता चालता मी हिशेब केला. हे लोक वय चांद्र वर्षांत सांगतात, म्हणजे सूर्याच्या मापाने सव्वापंचवीस. तो जन्मला तेव्हा मी जवळजवळ वीस वर्षांचा होतो. भिंतीवरच्या रेघा पुसून तेव्हा सात वर्षं होऊन गेली होती.

शुक्रवारी मी एकटाच परत गेलो. त्याची बलुची आई वारली होती. बापाबद्दल विचारल्यावर तो हसला. "मेरे बाप का नमाज दो बार हुआ. बाबांना गावचा कोणी भेटला, त्याने सांगितलं, तुझी तर पढून झाली. बाबा म्हणायचे, खलास! आता गेलो तर मुन्शी वही उघडून विचारेल, तू कोण रे?"

"गावाला कोण होतं त्यांचं?"

"एक बायको, म्हणायचे. पोरांचं काही बोलले नाहीत."

मग मी कोण ते त्याला सांगितलं. तो चहा आणतो म्हणून आत गेला आणि बराच वेळ बाहेर आला नाही.

बाप गेला तेव्हा आपण दहा वर्षांचे होतो, असं त्याचं म्हणणं. मय्यतीला आंघोळ घालणाऱ्या म्हाताऱ्याकडे एक वही होती. तिच्यात नाव, पुढे 'हिंदी', शाबानचा सतरावा चांद आणि साल. त्या सालावरून मुलगा अकरा वर्षांचा येत होता. मी वहीतलं साल खरं धरलं. म्हणजे मी दुबईत आल्यावर बाप जवळजवळ साडेतीन वर्षं जिवंत होता. मी खाडीच्या या काठावर, तो त्या. होडीला दहा मिनिटंही लागत नाहीत.

पत्र लिहायला तीन दिवस लागले. खोटा आकडा मी गोदामाच्या वहीतसुद्धा कधी घातला नव्हता. पण साल लिहिलं तर आई मोजणार. मोजायला मी तिच्याकडूनच शिकलो. शेवटी लिहिलं, "शाबान, इथला सतरावा चांद. इथे चंद्र एक दिवस आधी दिसतो, म्हणून आपल्याकडे सोळावा धर." फातेहाला साल लागत नाही, अशी मी माझी समजूत घातली.

उत्तर आलं. "पुता, तारीख पोचली. तू आकडा कधी सोडत नाहीस. साल कसं राहिलं?"

मी उलट पत्रात पाठवलेल्या पैशांचा आकडा तेवढा लिहिला. पुढच्या पत्रात तिने छपराचं लिहिलं, डोळ्यांचं लिहिलं. सालाचं पुन्हा विचारलं नाही.

सहा महिन्यांनी तार आली. मी पोचलो तोवर तिला माती देऊन आठवडा झाला होता. नव्या मुन्शींनी वही पुढे केली. तिच्या नावापुढे 'बेवा', म्हणजे विधवा, असं लिहिलं होतं. मागची पानं चाळून मी बापाची ओळ काढली. "काही दुरुस्ती?" त्यांनी विचारलं. मी नाही म्हटलं.

घरी भाची म्हणाली, "मामा, शेवटी शेवटी आजी उंबऱ्याबाहेर जाईना. शेजारच्या लग्नालासुद्धा गेली नाही. पाय दुखतात म्हणायची."

मी चुलीमागे गेलो. भिंत नव्याने सारवलेली होती आणि तिच्यावर कोळशाच्या रेघा होत्या. मी दोनदा मोजल्या. एकशे चार.