वसंताचे केस

आज न्हाव्याने माझ्या मानेवर पावडर लावली आणि त्या वासासरशी मला ऐंशीच्या दशकातले मांडवीचे एक केशकर्तनालय आठवले. कॅनडात स्थायिक झालेला माझा धाकटा चुलतभाऊ वसंत सुट्टीवर आला होता आणि पुढच्या खुर्चीत बसला होता. मागच्या बाकावरून मी त्याच्या मनगटावरील घड्याळाकडे पाहत होतो. तसे घड्याळ मला या जन्मी मिळणार नव्हते, आणि ते मला सलत होते.

"वसंतराव, हे केस कुठल्या शत्रूने कापलेन?" न्हाव्याने विचारले.

"बायकोने," वसंत हसला. "तिकडे एका कटिंगच्या पैशांत आमची आठवड्याची भाजी येते. म्हणून तीच मला स्वयंपाकघरात स्टुलावर बसवते. मान हलवली की कान पिरगाळते!"

दुकानातले सगळे हसले. मला हसता आले नाही. माझ्या पत्नीने माझ्या केसांना कधी हात लावला नव्हता. आमच्या घरी तशी रीतच नव्हती. घड्याळाचा हेवा त्या क्षणी संपला आणि त्याहून जिव्हारी लागणारा हेवा सुरू झाला.

घरी परतल्यावर पत्नीने विचारले, "भावजी तिकडे सुखात आहेत ना?"

"महागाई फार आहे," मी म्हणालो.