अधांतरी राहिलेला हात

माझ्या लहानपणीच्या गाण्याच्या गुरुजींचा हात सम शोधत हवेत थांबला, आणि शेजारच्या खुर्चीवरून मी ते डोळे भरून पाहिलं. वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

शिकागोहून आलेली एक कृष्णवर्णीय तरुणी मंचावर जॅझमधले ड्रम्स वाजवत होती. सुरुवातीलाच गुरुजी मला म्हणाले, "नुसता दणदणाट! लय अंगात असावी लागते." मी बारा वर्षांची असताना हेच वाक्य ऐकवून त्यांनी मला भरल्या क्लासमधून घरी पाठवलं होतं. त्यानंतर मी कधी गायले नाही.

तरी सवयीने ते पहिल्या रांगेत मांडीवर ताल धरून बसले होते, चांगला मोठ्याने. तिने ते पाहिलं. मग तिने ठोके असे अलगद सरकवले, की गुरुजींची थाप एकीकडे आणि तिचा ठोका भलतीकडे. तिसऱ्या आवर्तनात त्यांचा हात अधांतरीच राहिला. तेव्हा त्यांच्याकडे बघून हसत तिने सम बरोब्बर जागेवर आणून ठेवली. चुकली ती नव्हती.

ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या उलट बोलू दिलं नाही, ते उत्तरं लयीत ठेवायला शिकले असतील. किंवा तिला नुसती गंमत वाटली असेल. सूड माझा होता, आणि गोड लागत होता.

गुरुजींनी हात खिशात घातला. मी माझा पदराखालून बाहेर काढला आणि पुढच्या समेला टाळी दिली, त्यांना ऐकू जाईल एवढी.

बरोब्बर पडली.