रात्रीच्या लाइटीचा आठवडा

आमच्या कॉलेजातल्या विद्यार्थी शाखेची सल्लागार मी कशी झाले, हे सांगायला मला फारसं आवडत नाही, कारण त्यात माझं कर्तृत्व काहीच नाही. इंजिनिअर लोकांची एक मोठी संस्था आहे. तिच्या शाखा कॉलेजाकॉलेजांत असतात. मुलांनी सभासद व्हायचं, वर्गाबाहेर पडून खरं काम बघायचं, जमलं तर करायचं, असा हेतू. आमच्या इलेक्ट्रिकल विभागात सल्लागार ठरवायची बैठक होती आणि नेमकी त्या दिवशी इंदापूरहून बारामतीला येणारी माझी एसटी उशिरा पोचली. मी खोलीत शिरले तेव्हा सगळे टाळ्या वाजवत होते. मीही वाजवल्या. त्या माझ्यासाठीच होत्या, हे नंतर कळलं.

पहिली काही वर्षं मी शाखा चालवली ती अशी: वर्षातून दोनदा फ्लेक्स बांधायचा, पाहुण्यांना शाल-नारळ द्यायचा, फोटो काढायचा आणि अहवालात ‘उत्साहात संपन्न’ असं लिहून मोकळं व्हायचं. फ्लेक्स एकच होता. तारखेच्या जागी पांढरा कागद चिकटवून त्यावर नवी तारीख घालायची. कागदावर कागद चढून तिथं एवढा थर साठला होता, की लांबून बघणाऱ्याला तारीखच जरा पुढं आल्यासारखी वाटायची.

मग संस्थेचं पत्र आलं. नुसत्या फोटोंवर यापुढं भागणार नाही, आमचे एक निरीक्षक स्वतः येऊन एक उपक्रम बघतील, काम खरोखर चालू नसेल तर शाखा बंद करण्यात येईल, असा मजकूर. मी ते पत्र तीनदा वाचलं. तिसऱ्यांदा काही बदललं असेल अशी आशा होती. घरी मालकांना, म्हणजे नवऱ्याला, सांगितलं. त्यांची इंदापूरजवळ शेती, भेंडी आणि पेरूची. ते म्हणाले, बंद झाली तर तू सुटलीस की. खरं सांगायचं तर पत्र वाचताना एका कोपऱ्यात मलाही तसंच वाटलं होतं, पण ते दुसऱ्याच्या तोंडून ऐकल्यावर राग आला.

राग यायला कारण होती शाखेची अध्यक्ष, आमच्या अध्यक्षीण बाई. बावडा गावची मुलगी, शेवटच्या वर्षाला. मी फ्लेक्स बांधत असताना तिनं दहा-बारा पोरापोरींना गोळा करून वेगळंच काहीतरी सुरू केलं होतं. सुट्टीच्या दिवशी ही मंडळी शेतांवर जायची आणि विहिरीवरच्या मोटारी तपासायची. आमच्याकडं मोटारी जळतात फार. तीनपैकी एक फेज गेली की मोटार कण्हत राहते आणि शेवटी वास येतो. मुलं स्टार्टरची पेटी उघडून ढिले स्क्रू आवळायची, काळे पडलेले कॉन्टॅक्ट घासायची, अर्थिंग बघायची. त्यासाठी लागणारी मीटरं आमच्या प्रयोगशाळेतली. ती कॉलेजाबाहेर न्यायची परवानगी मिळाली होती ती शाखेच्या नावावर. शाखा गेली की मीटरं परत कपाटात, आणि कपाटाची किल्ली आमच्या विभागप्रमुखांच्या खिशात. तो खिसा कुणी उघडलेला मी पाहिलेला नाही.

पत्र दाखवलं तेव्हा ती म्हणाली, ‘‘मॅडम, त्यांना बावड्याला आणा. आम्ही जे करतो तेच दाखवू.’’

तारीखही तिनंच काढली, एक गुरुवार. गुरुवारच का, हे मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं, कारण आमच्या भागात शेतीची थ्री फेज लाइट एक आठवडा दिवसा असते आणि एक आठवडा रात्री. पाणी कधी द्यायचं, झोपायचं कधी, पाहुण्यांना कधी बोलवायचं, हे सगळं त्यावर ठरतं. आमच्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर मालक रात्रीचा आठवडा लाल पेनानं रेघ मारून ठेवतात. त्या रेघेखाली मी रोज चहा करते. वीस वर्षं मुलांना वीज शिकवते. आणि कॉलेजचं काही ठरवायचं झालं की मी वेगळं कॅलेंडर बघते, ज्याच्यावर फक्त परीक्षा असतात.

चार दिवस आधी निरीक्षकांचा पुण्याहून फोन आला. त्यांना जमत नव्हतं, आठवडाभर पुढं ढकलता येईल का, असं ते विचारत होते. मी म्हणाले, हो सर, चालेल सर, काहीच अडचण नाही सर. फोन ठेवला, मुलांच्या ग्रुपवर नवी तारीख टाकली, खाली अंगठ्यांची रांग लागली. फ्लेक्सवर आणखी एक कागद चिकटवला. त्या संध्याकाळी मालकांनी विचारलं, ‘‘पुढच्या गुरुवारी? दिवसा?’’ मी म्हटलं, मग काय साहेबांना रात्री नेऊ? ते मोठ्यानं हसले. मला वाटलं, माझ्या उत्तराला हसले.

त्या गुरुवारपर्यंत मला शांत झोप लागली नाही. रिकाम्या खुर्च्या, न आलेला ध्वनिवर्धक, साहेबांना न सोसलेलं जेवण, या सगळ्याची मी आळीपाळीनं काळजी केली. खरी काळजी करायची गोष्ट त्या यादीत नव्हती.

निरीक्षक सकाळी भिगवणला चहा घेऊन इंदापूरला आले आणि मला गाडीत घेतलं. निवृत्त इंजिनिअर, किरकोळ अंगाचे, मांडीवर वही. बोलणं कमी. गप्प माणसाशेजारी मला धीर धरवत नाही, म्हणून मी शाखेविषयी एवढं बोलले की आमच्या शाखेनं उजनी धरण बांधलं असावं असं त्यांना वाटलं असेल. बोलता बोलता मी खिडकीबाहेर बघत होते. रस्त्याच्या कडेला उसाची सरी, पेरूची बाग, पाटाच्या तोंडाशी पाइप. पाइप कोरडा. पुढच्या रानातला पाइपही कोरडा. त्याच्या पुढचाही. एकाही विहिरीवर मोटारीचा आवाज नव्हता. माझं वाक्य अर्ध्यात थांबलं. स्वयंपाकघरातली लाल रेघ डोळ्यांपुढं आली आणि मालकांचं हसणं कशाला होतं तेही कळलं.

मोटारींची तपासणी बघायला पुण्याहून माणूस आणला होता, आणि लाइट यायची होती रात्री.

बावड्याला पोचलो तेव्हा विहिरीजवळच्या पत्र्याच्या पेटीभोवती मुलं जमली होती. सात-आठ शेतकरी पेरूच्या सावलीला बसले होते. अध्यक्षीण बाईंपुढं प्लास्टिकच्या ट्रेमध्ये चिनी मातीचे फ्यूज ओळीनं मांडलेले, प्रत्येकाला दोऱ्यानं चिठ्ठी, चिठ्ठीवर शेतकऱ्याचं नाव. साहेब गाडीतून उतरून विहिरीत डोकावत होते, तेवढ्यात मी तिला बाजूला घेतलं.

‘‘आज रात्रीची लाइट आहे?’’

‘‘होय मॅडम.’’

‘‘मग सांगितलं का नाहीस?’’

‘‘आम्हाला वाटलं, तुम्ही सबस्टेशनला बोलला असाल. तुम्ही तारीख बदलली म्हणजे विचार करूनच बदलली असणार.’’

यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं, टोमण्याला मला उत्तर देता येतं. मी साहेबांना विचारलं नाही, मुलांनी मला विचारलं नाही. आमच्याकडं वरच्या माणसाला विचारत नाहीत, आणि या सवयीला आम्ही संस्कार म्हणतो.

तिचे वडील सावलीतून उठून आले. बहुतेक माझा चेहरा बघून. ‘‘मॅडम, लाइट न्हाय तवाच पेटी उघडायची असती,’’ ते म्हणाले. ‘‘कशाला जीव घाबरा करताय? पोरांनी सकाळधरनं तीन पेट्या केल्यात्या.’’

तिथं मी गप्प बसले असते तर ही गोष्ट इथंच संपली असती. पण माझ्या डोळ्यांपुढं अहवाल होता. उघड्या पेट्या, लोंबणाऱ्या वायरी, ट्रेमध्ये सुटे पडलेले फ्यूज. साहेबांना हे अर्धवट काम वाटेल, शाखा जाईल, मीटरं कपाटात जातील. मी ठरवलं की निदान दिसायला तरी सगळं जागच्या जागी असावं. पेटीत एका मुलानं कोपरापर्यंत हात घातला होता, स्क्रूड्रायव्हरनं टर्मिनल आवळत होता. मी ट्रेमधले त्या पेटीचे फ्यूज उचलून अध्यक्षीण बाईंपुढं धरले आणि म्हटलं, हे बसवून टाका, पेटी लावा, फ्लेक्स बांधून त्याखाली सगळे उभे राहा, मग साहेबांना सावकाश उघडून दाखवू. लाइट नाहीच आहे, होतंय काय.

‘‘नाही मॅडम,’’ ती म्हणाली.

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. फ्यूज मी तसेच धरून होते.

‘‘त्याचा हात आहे आत. आणि या पेटीला ऑटो बसवलाय.’’

ऑटो म्हणजे काय ते मी तिला शिकवलं होतं. रात्री लाइट आली की शेतकऱ्याला उठून विहिरीवर जावं लागू नये, म्हणून तो बसवतात. वीज येताक्षणी मोटार आपली आपण सुरू होते. फ्यूज काढून ठेवले असले तर मात्र वीज पेटीत पुढं जातच नाही. हे सगळं मला ठाऊक होतं. पाठ होतं. तिचे कान लाल झाले होते, नजर जमिनीकडं होती, पण हात तिनं पुढं केला नाही. मागं कुणीतरी खाकरलं. साहेब आमच्या पाठीमागं दोन पावलांवर वही घेऊन उभे होते. केव्हापासून, ते मी अजून विचारलेलं नाही.

त्यांनी तिला विचारलं, आज दिवसभर लाइट येणार नाही म्हणता, मग फ्यूज काढायचे कशाला?

‘‘सर, येणार नाही हे आम्हाला माहीत आहे,’’ ती म्हणाली. ‘‘लाइटीला कुठं माहीत आहे?’’

सावलीतले शेतकरी हसले. मी फ्यूज ट्रेमध्ये परत ठेवले, आणि ठेवताना एक चुकून दुसऱ्या शेतकऱ्याच्या फ्यूजांत ठेवला, तो एका मुलीनं जागेवर नेला.

यानंतर दहा मिनिटंही झाली नसतील. पोरगा अजून पेटीतच होता. बांधापलीकडच्या रानातून एकदम घरघर आली. तिकडचा कोरडा पाइप दोनदा खोकला, गढूळ पाण्याची चूळ टाकली आणि मग धार धरली. सगळे तिकडं बघायला लागले. पेटीतल्या पोरानं हात हळूच बाहेर काढला, स्वतःच्या बोटांकडं पाहिलं. स्क्रूड्रायव्हर त्याच्या मुठीत तसाच होता.

लाइनीचं काहीतरी काम झालं होतं म्हणे, त्याची चाचणी घेतली. पाचेक मिनिटांनी धार तुटली आणि रान पुन्हा गप्प झालं. मी पेरूच्या एका पालथ्या क्रेटवर बसले. अध्यक्षीण बाईंच्या वडिलांनी तांब्या आणून दिला. ट्रेकडं बघितलं, लेकीकडं बघितलं आणि गेले.

मुलांनी आणखी चार पेट्या केल्या. साहेब प्रत्येक पेटीशी उकिडवे बसून बघत होते. फ्लेक्स बांधायचा राहूनच गेला.

परतीच्या वाटेवर त्यांनी वही उघडली आणि विचारलं, ‘‘फ्यूज बसवायला कोण सांगत होतं?’’ मी खिडकीबाहेर बघत होते, चेहरा दिसला नसावा. ‘गर्दीत कुणीतरी’ एवढं म्हटलं असतं तरी निभावलं असतं. पण त्या पोराचा हात आठवला.

‘‘मी,’’ म्हटलं.

त्यांनी मान हलवली आणि लिहिलं. काय लिहिलं ते दिसावं म्हणून मी मान वाकडी केली, पण अक्षर डॉक्टरसारखं होतं.

पुढचे तीन आठवडे मी टपाल आणि मेल दोन्ही बघत होते. शेवटी उत्तर आलं. शाखा चालू राहील. खाली जमेच्या बाजू दिल्या होत्या आणि त्यात एक वाक्य होतं: ‘या शाखेत विद्यार्थी सल्लागारांना अडवू शकतात.’ सुधारणा या सदरात एकच ओळ: सल्लागारांनी परिसरातल्या वीजपुरवठ्याचं वेळापत्रक जवळ ठेवावं. मालकांनी ते मोठ्यानं वाचून दाखवलं, मग स्वयंपाकघरातलं कॅलेंडर उतरवलं आणि माझ्या पिशवीत घातलं.

आता ती मुलगी पास होऊन गेली. मीटरं अजून बाहेर जातात. नवा अध्यक्ष चांगला आहे, हुशार आहे, वेळेवर येतो. पण मी काहीही म्हटलं की तो ‘हो मॅडम’ म्हणतो. ‘‘चुकलं तर सांग बरं का’’ म्हटलं, तर त्यालाही ‘हो मॅडम’.

परवा मी त्याला शेतावर जायला मुद्दाम रात्रीच्या आठवड्यातली तारीख दिली, अडवतो का बघायला. लगेच अंगठा आला. अजून चार दिवस आहेत. मी फोन जवळ घेऊन बसते, आणि तो वाजला की दचकते.