आमच्या वन्सं जिनिव्हाला जातात

जगात आजवर जेवढी माणसं विमानात बसली, त्यांपैकी एकानेही आमच्या वन्संइतकी तयारी केली नसेल. वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. लग्न केलं नाही. दिल्लीत एका सरकारी कचेरीत टाइपिस्ट म्हणून लागल्या, आणि गाझियाबादेत आम्ही नवा फ्लॅट घेतला तेव्हा आमच्याकडे राहायला आल्या. खिडकीसमोर अजून सरसोंची शेतं होती, पण कोपऱ्यावरच्या दुकानात परदेशी शीतपेयाच्या बाटल्या येऊन थडकल्या होत्या. साहेब लोकांच्या परदेश दौऱ्यांचे कागद टाइप करण्यात वन्संचा जन्म गेला. प्रत्येक साहेब कधी ना कधी जिनिव्हाला जायचा आणि येताना वन्संना एक चॉकलेट आणायचा. निवृत्त झाल्यावर एका सकाळी उपमा खाताखाता त्या म्हणाल्या, “इतकी वर्षं चॉकलेटच खाल्लं. आता गाव बघून येते. एकटीच.”

माझा घास घशातच अडकला. काळजीने नव्हे, मत्सराने! मी करोल बागेत एकटी निघाले तरी दहा सूचना देणारे आमचे यजमान चक्क टाळी वाजवून म्हणाले, “वा ताई! बिल्कुल जा!” मला पुण्याला माहेरी पाठवताना हेच गृहस्थ डब्यातल्या अनोळखी बाईला “जरा इनका ध्यान रखिएगा” असं सांगून येतात.

मग घराचं विमानतळ झालं. वन्संनी जेवणाच्या खुर्च्या एकामागे एक मांडल्या, परकराच्या नाडीने स्वतःला खुर्चीला बांधून घेतलं आणि रविवारची अख्खी सकाळ गुडघे जुळवून बसून काढली. “सवय नको का व्हायला?” मी चहा नेला, तर माझ्याकडे न बघता “थँक यू” म्हणाल्या. म्हणजे प्रवास त्यांचा आणि हवाईसुंदरी मी! भाजीवाल्याशी त्या इंग्रजीतून बोलू लागल्या. तो बिचारा हात जोडून म्हणायचा, “माताजी, भिंडी लेनी है कि नहीं, इतना बता दो.” पोहे काट्याने खायचा सराव सुरू झाला आणि आमच्या सतरंजीवर रोज शेंगदाण्यांचा सडा पडू लागला.

रंगीत तालीम म्हणून त्या बसने एकट्या पानिपतला जाऊन आल्या. संध्याकाळी तिथून घेतलेली दोन ब्लँकेटं खांद्यावर टाकून दारात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “सुधा, पानिपतावरून धडधाकट परत आलेली मराठी माणसं किती असतील गं?” सोसायटीतल्या बायका त्यांना बघायला आल्या. कौतुक वन्संचं झालं, भजी मी तळली. तेलाइतकीच मीही तापले होते.

निघायच्या दिवशी आम्ही विमानतळावर गेलो. यजमान गाडी लावायला गेले. आत फक्त प्रवाशांना सोडत होते. दाराशी शिपायाने पासपोर्ट मागितला आणि वन्संनी माझा हात घट्ट धरला. “सुधा, मला नाही गं जमायचं. माझ्याऐवजी तूच जा.”

खोटं कशाला सांगू, क्षणभर माझं पाऊल पुढे पडलंसुद्धा. इतके महिने मनातल्या मनात हेच तर म्हणत होते मी. पण त्यांचे ओठ थरथरत होते. सगळ्यांवर हुकूम चालवणाऱ्या वन्सं मला पहिल्यांदाच माझ्याहून लहान वाटल्या. मी त्यांची ट्रॉली दाराकडे वळवली. “तुम्ही पानिपत करून आलाय वन्सं. चला बरं.” त्या डोळे पुसून आत गेल्या आणि एकदाही मागे वळल्या नाहीत.

जिनिव्हाहून त्यांचा फोन आला तेव्हा मी नेहमीसारखं विचारलं, “थंडी आहे का? जेवलात का?”

“ते राहू दे गं. सकाळपासून तळ्याकाठी बाकावर बसले होते. नुसती! सुधा, इथे मला कुणी म्हणजे कुणीच ओळखत नाही गं!”

त्या रडतायत असं वाटून मी घाबरले. मग कळलं, हसत होत्या. एखाद्या शाळकरी मुलीसारख्या, श्वास लागेपर्यंत. आणि फोन कटला.

“पोचली ना ताई? बरी आहे ना?” यजमानांनी आतून विचारलं.

“बऱ्या आहेत,” मी म्हटलं, आणि बंद झालेला फोन कानाशी धरून आणखी थोडा वेळ तशीच उभी राहिले.