सर्वांसाठी खुली

मार्चचा पहिला शुक्रवार, सकाळचे अकरा. विभागात एका मुलीची पीएच.डी.ची मौखिक परीक्षा होती. हजर दोन परीक्षक, विभागप्रमुख मॅडम, नऊ विद्यार्थी आणि कार्यालय अधीक्षक म्हणून मी. ती मुलगी आणि शिपाई धरून पंधरा जणांच्या चहा-फराळाला मंजुरी सहाशे रुपयांची.

मुलीचे आईवडील दाराबाहेर चपला काढून उभे होते.

"मावशी, बाकावर बसा. झालं की सांगतो," शिपाई म्हणाला.

"बसतो बाबा. आत आम्हाला काय कळणार," आई म्हणाली, पण दारापासून हलेना.

मी फलकावरच्या सूचनेकडे बोट दाखवलं. "परीक्षा सर्वांसाठी खुली आहे, असं मीच टाइप केलंय. सर्वांत आईवडील येतात."

"साहेबांनी नियम काढला, आता संपलंच," शिपाई हसला आणि दोन खुर्च्या आत घेऊन गेला.

आमच्या कार्यालयाचे बहुतेक शब्द दार लावणारे असतात. मुदत संपली, अर्ज अपूर्ण, उद्या या. त्यांच्याशिवाय विभाग चालत नाही, हे मी जाणतो. पण 'खुली' हा शब्दही आमच्याच भाषेतला आहे, आणि तो लिहिणारा हात माझा होता, याचा मला अभिमान वाटला.

परीक्षा संपल्यावर आई मला म्हणाली, "काय बोलली ते कळलं नाही. पण कुठे अडखळली नाही."

चहावाल्याला सहाशे ऐंशी रुपये दिले. वरच्या ऐंशींपुढे 'उपस्थित दोन वाढले' असा शेरा लिहिला आणि मॅडमनी त्यावर सही केली.