कमलच्या वाट्याचं ऊन

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीलाही नाही. तुम्हाला तरी का सांगतेय? ठाऊक नाही — पण आता आत ठेववत नाही.

सत्तरचं दशक सरत आलं होतं. मुळशीतल्या एका छोट्या सरकारी दवाखान्यात मी नर्स होते. पुण्याची, शिकलेली, कडक इस्त्रीची — आणि त्याचा तोरा मिरवणारी. बायका मला ‘नर्सबाई’ म्हणत. माझ्यानंतर दोन वर्षांनी आलेली नर्स शमीम मात्र महिनाभरात त्यांची ‘शमीमताई’ झाली. तिथल्याच बाजारातल्या दुकानदाराची मुलगी ती, त्यांच्यासारखंच बोलायची. वेलावरची पहिली काकडी तिला, वालाच्या शेंगा तिला. मला काय? रजिस्टर. जळायचे मी. सरळच सांगते — तिचं हसणं कानावर आलं तरी माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

मुडदुसाची पोरं तेव्हा बरीच यायची — मऊ हाडं, वाकलेले पाय. आम्ही माशाचं तेल द्यायचो. भरे गावच्या सुंदराची कमल दहा महिन्यांची झाली तरी बसवली की कलंडायची. पण घर माळकरी. सासूनं तेलाची बाटली तशीच परत पाठवली. मग शमीमनं सांगितलं, कुंची-झबलं काढा, पोरीला रोज उन्हात निजवा. कमलला तेवढं एकच औषध उरलं होतं. मला हे कळत नव्हतं? चांगलं कळत होतं.

सुंदरा माझ्याकडे खात्री करून घ्यायला आली. "बाई, शमीमताई म्हनत्यात पोरीला उनात उगडी निजवा. निजवू न्हवं?"

हो म्हणायला काय जात होतं माझं? पण तिच्या तोंडी आधी शमीमचं नाव आलं — आणि मी म्हणाले, "एवढी गोरी पोर, काळी पडेल. मग लग्नाचं काय करशील?"

बस, एवढंच. पोरीला उघडं टाकणं सासूला आधीच पटत नव्हतं, तिला तेच हवं होतं. पोर घरातच राहिली.

दीड वर्षानं कमल दवाखान्यात आली ती फेंगडी चालत. डॉक्टर सुंदरावर उखडले — उन्हात का नेली नाही? शमीम शेजारीच उभी. सुंदरानं माझ्याकडे पाहिलं. मी रजिस्टरात तोंड खुपसलं.

"मलाच येळ गावला न्हाई," ती म्हणाली.

तिला पुन्हा दिवस गेले होते. बाळंतपणाला माझ्याच हाताखाली यायचं होतं.

शमीम मागच्या ओट्यावर जाऊन रडली — आपणच नीट समजावलं नाही म्हणून. तेव्हा मला काय वाटलं? बरं वाटलं. हो, बरं वाटलं.

पुढं तिनंच समजूत घालून त्या घरात ऊन पोचवलं. तरी कमलचे पाय पुरते सरळ झाले नाहीत. त्या दिवशीच्या केसपेपरवर कारण लिहिलंय — ‘आईचा हलगर्जीपणा’. सांगितलं डॉक्टरांनी. लिहिलं मी, सुवाच्य अक्षरात.