मुलीकडच्यांचा कॉम्प्युटर

जिंकण्यासाठी कॉम्प्युटर घेणारे जगात पुष्कळ असतील, पण नीट हरता यावं म्हणून कॉम्प्युटर शोधत फिरलेला माणूस मी एकच पाहिला आहे, आणि दैवयोगाने तो माझा साडू आहे. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान सावेडीत राहतात. जन्मभर त्यांनी बसस्थानकावर नियंत्रक म्हणून दुसऱ्यांच्या गाड्या पुकारल्या आणि स्वतः सायकलीपलीकडे काही चालवलं नाही. असा माणूस निवृत्तीनंतर कॉम्प्युटरवर मोटारींच्या शर्यती खेळू लागला. आता शर्यत म्हटल्यावर माणूस जरा बेफाम होईल की नाही? पण आमचे साडू वळण आलं की हॉर्न देतात, पुढे जाऊ पाहणाऱ्याला हात दाखवून वाट देतात, आणि सुरुवातीला गाड्या उभ्या असतात तेव्हा सवयीने एकदा घसा खाकरून घेतात. पुकारायचं तेवढं बाकी ठेवतात.

कॉम्प्युटर त्यांच्या लेकीचा. ती इंजिनिअरिंगला असताना हट्टाने घेतलेला. तेव्हा तो मोठा भारी गेमिंग कॉम्प्युटर होता, काचेच्या पेटीत लाल-निळे दिवे लागायचे. एका वर्षी मेव्हणीबाईंनी गौरींपुढची रोषणाई म्हणून तो मखराशेजारी ठेवला होता, आणि हळदीकुंकवाला आलेल्या बायकांनी त्याचं फार कौतुक केलं. लग्न होऊन लेक नेवाशाला गेली, जाताना बापाला खेळ शिकवून गेली. तिच्या सासऱ्यांचं तिथे खतांचं दुकान आहे. रविवारी दुपारी दुकान बंद करून तेही मुलाच्या नव्याकोऱ्या कॉम्प्युटरवर बसतात, आणि इंटरनेटवरून या दोन व्याह्यांची शर्यत लागते.

शर्यत म्हणायचं आपलं. व्याह्यांशी खेळायचं म्हणून साडू इस्त्रीचा शर्ट घालतात, पलीकडून शर्ट दिसत नसला तरी. आणि व्याह्यांच्या पुढे म्हणून जात नाहीत. पंगतीत गेले नाहीत, फोटोत गेले नाहीत, मग मोटारीत कसे जातील? एकदा व्याह्यांची गाडी कठड्यावरून उडून उलटी झाली. साडूंनी लगेच आपली गाडी कडेला घेतली आणि माइकवर म्हणाले, "सावकाश या, मी थांबलोय." खेळातल्या बाकीच्या सगळ्या गाड्या निघून गेल्या, हे थांबले ते थांबलेच.

मी त्यांची टर उडवली तेव्हा ते हसले नाहीत. म्हणाले, "साडूभाऊ, लेक तिथं नांदते. आपण इथं एक शर्यत जिंकायची आणि तिनं तिथं एक टोमणा ऐकायचा, हे आपल्याला परवडणारं नाही." व्याही माणूस दिलदार आहे, असं मी सांगून पाहिलं. त्यावर त्यांचं म्हणणं असं की, दिलदार माणसालासुद्धा हरल्यावर जेवण अळणी लागतं, आणि स्वयंपाक कुणी केलाय हे मग आपोआप आठवतं.

जुना कॉम्प्युटर या बाबतीत त्यांचा खरा सोबती होता. तो मुळातच इतका मंद झाला होता की हरायला वेगळे कष्ट पडत नसत. पण या उन्हाळ्यात तो फारच थकला. गाडी भर वेगात थिजायची, पडदा निळा व्हायचा, आणि व्याही बिचारे शेवटच्या रेषेपाशी यांची वाट पाहत बसायचे. व्याह्यांना ताटकळत ठेवणं म्हणजे हरवण्यापेक्षाही वाईट. झालं, साडूंची झोप उडाली. जुन्यातच भर घालावी की सगळाच नवा घ्यावा, या एका प्रश्नावर त्यांनी गच्चीवरच्या योगवर्गापासून रिक्षावाल्यापर्यंत सर्वांची मतं घेतली. बाहेरून पाहणाऱ्याला वाटावं, म्हातारा वेगासाठी झुरतोय.

शेवटी मी त्यांना दुकानात घेऊन गेलो. दुकानदाराने पेटी उघडून आतली धूळ उडवली आणि दोन वाटा सांगितल्या. ग्राफिक्स कार्ड आणि रॅम बदलली तर हाच आणखी काही वर्षं छान पळेल, आणि नवा घेतला तर विचारायलाच नको. साडूंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "थोडंसंच सुधारता येईल का? म्हणजे शर्यत पुरी झाली पाहिजे, पण गाडी पहिली येता कामा नये." दुकानदाराने माझ्याकडे पाहिलं. मी काउंटरवरच्या माउसच्या किमती वाचू लागलो. तसं काही मिळत नाही म्हटल्यावर साडूंनी पेटी उचलली आणि आम्ही परत आलो.

पुढे लेक चार दिवस माहेरी आली आणि मेव्हणीबाईंनी ही कथा तिला हसत हसत सांगितली. ती हसली नाही. बापासमोर येऊन बसली आणि म्हणाली, "बाबा, मी तिथं तुमच्या हरण्यावर नांदत नाही." एवढंच बोलून ती कपडे वाळत घालायला गेली. साडू बराच वेळ पेपर उलटा धरून बसले होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला बोलावलं, आणि जुन्या पेटीत नवं कार्ड, नवी रॅम बसली.

लेक सासरी गेल्यावरच्या रविवारी मी मुद्दाम त्यांच्याकडे होतो. गाडी अशी पळत होती की साडू खुर्चीत मागे रेलले होते. शेवटच्या वळणावर व्याह्यांची लाल गाडी पुढ्यात आली आणि साडूंचं बोट सवयीने बटणावरून उचललं गेलं. अर्धवट उचललेलं ते बोट मी पाहिलं. मग त्यांनी ते पुन्हा खाली दाबलं, आणि ते पहिले आले.

त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. "माफ करा हं, ते कार्ड नवीन आहे, अंदाज आला नाही," असं काहीतरी ते पुटपुटू लागले. मग नेवाशाहून आवाज आला, "इवाई, लेक दिली तेवढं लई झालं. रस्ता कशापायी देत हुता इतके दिस? मला काय कळत न्हाई व्हय?"

दुसऱ्या शर्यतीत साडू जीव तोडून खेळले आणि हरले. टेबलावर मूठ आपटून म्हणाले, थोडक्यात गेली. मला फार बरं वाटलं. आपण दोघंही हसू अशा बेताने मी त्यांच्याकडे पाहिलं, तर त्यांचे डोळे भरले होते. त्यांनी माइकवर हात ठेवला आणि हळूच म्हणाले, "आमच्या आक्काच्या लग्नात तिच्या सासऱ्यांना फेटा बांधायचा राहून गेला होता. साधी गडबडीतली चूक. पण सासरे जाईपर्यंत आक्कानं ते ऐकलं हो."

पलीकडून व्याही पुढच्या शर्यतीला गाडी लावा म्हणून हाका मारत होते. साडूंनी चष्मा पुसला, माइकवरचा हात काढला आणि म्हणाले, "आलो, आलो. पण आता वाट देणार नाही."